सही कोणाची?

नेतृत्व या विषयावर आमच्या खात्यात वर्षाकाठी एखादे तरी प्रशिक्षण होते. दोन दिवस जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे, चहा-पोहे घ्यायचे, पडद्यावरचे बाण आणि वर्तुळे पाहायची आणि प्रमाणपत्र घेऊन परत यायचे. या प्रशिक्षणांची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. चार मुख्याध्यापक भेटतात, एकमेकांच्या शाळांचे गळके पत्रे आणि रिकाम्या जागा यांची विचारपूस होते, हेही काही कमी नाही. पण निर्णय घ्यायला तुम्ही कुठे शिकलात, असे तिथे कोणी विचारले, तर माझ्या उत्तराने विचारणारा जरा गोंधळतो. मी सांगतो, "भोपाळला, पिपलानीत, एका शाळेच्या ग्रंथालयात. उमेदवार होतो."

शाळेच्या ग्रंथालयात कसले आले नेतृत्व, असे वाचकांनाही वाटेल. शाळेत हेडक्लार्कला मान असतो, कारण पगारपत्रक त्याच्या हाती. खेळाच्या शिक्षकाला मान असतो, कारण शिट्टी त्याच्या गळ्यात. ग्रंथपालाच्या हाती एक किल्ल्यांचा जुडगा, आणि पुस्तक हरवले की होणारी बोलणी. अशा माणसाकडून मी जे शिकलो ते पुढे तीस वर्षे पुरले, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी पिपलानीविषयी सांगितले पाहिजे. १९५६ हे साल भोपाळच्या मराठी माणसांच्या दृष्टीने दुहेरी महत्त्वाचे. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूरची राजधानी गेली, आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला आली. नागपूरच्या सचिवालयातले कितीतरी मराठी कारकून फायलींबरोबर भोपाळला आले. त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि शहराच्या पूर्वेला तिचा कारखाना उभा राहिला. पुढे १९७४ साली ती भेलमध्ये विलीन झाली. कारखान्याभोवती पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा अशी वसाहत वाढली. माझे वडील साठीच्या दशकात वरुडकडून तिथे टर्नर म्हणून आले. 'भेलमध्ये नोकरी' म्हटले की पुण्याचे नातेवाईक हसत आणि चिंच-गुळाची चटणी कशी करता म्हणून विचारत. आमच्या ओळीतल्या क्वार्टरांत एका बाजूला बंगाली, दुसऱ्या बाजूला मल्याळी, समोर सरदारजी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. आपल्या सीमेवरच्या जिल्ह्यांतील कुटुंबांना हे नवे नाही. फरक एवढाच, की तुम्ही जिथे होता तिथेच राहिलात आणि सीमा हलली. आम्ही मात्र सामानासकट हललो.

१९९२ साली मी मराठी घेऊन एम.ए. झालो. भोपाळात मराठीच्या एम.ए.ला कोण विचारतो? म्हणून ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमाला नाव घातले. त्यात प्रत्यक्ष काम करण्याची अट होती. ती पुरी करायला १९९३ च्या जुलैत मी घरापासून सायकलने दहा मिनिटांवरच्या एका शाळेत रुजू झालो. शाळेचे नाव सांगत नाही. तिथे जे पाहिले ते त्या काळी पुष्कळ शाळांत होते, आणि आजही आहे.

पहिल्या मजल्यावर लांबट खोली, अठरा काचेची कपाटे आणि अठराही कपाटांना कुलपे. पुस्तके साडेपाच हजारांच्या आसपास. आठवड्यातून एकदा प्रत्येक वर्गाचा वाचनतास असे. त्या तासाला टेबलावर ठरलेली चाळीस पुस्तके मांडली जात आणि घंटा झाली की मोजून परत घेतली जात. घरी पुस्तक न्यायची सोय कागदावर होती. मुले काचेला नाक लावून आतली नावे वाचत, मिठाईच्या दुकानापुढे उभी राहावीत तशी.

कुलपांना कारण होते. कोणे एके काळच्या ग्रंथपालाच्या निवृत्तीच्या वेळी पडताळणीत पुस्तके कमी भरली आणि त्यांची किंमत त्या गृहस्थाच्या देण्यातून वळती करून घेतली गेली. पुढच्या माणसाने त्यातून जो धडा घ्यायचा तो घेतला. शहाण्याला शब्दाचा मार. इथे तर पगाराचा होता. पुस्तक हरवले तर शिक्षा होते आणि पुस्तक कोणी वाचलेच नाही तर कोणी विचारत नाही, असा हिशेब असला की कुलूप आपोआप लागते. त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता.

ज्या बाईंच्या हाताखाली मी काम केले त्या मूळच्या जबलपूरच्या. पन्नाशीच्या आसपासचे वय, सुती पातळ, चष्म्याला दोरी, आणि बोलण्यात जबलपुरी मराठीचा तो मऊ 'न'. त्या या शाळेत येऊन वर्षच झाले होते. पहिल्या दिवशी त्यांनी मला पुस्तकाला हात लावू दिला नाही. दाखल नोंदवही पुढे ठेवली आणि म्हणाल्या, "आधी हे वाच. घरात काय आहे ते कळल्याशिवाय स्वयंपाक काय करायचा ते ठरवू नाही."

रंगनाथन यांच्यावर बाईंची फार श्रद्धा. ते गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले, आणि थोड्याच दिवसांत त्या शांत खोलीला इतके कंटाळले, की परत शिकवायला जाऊ द्या म्हणून विनवू लागले. त्यांना आधी इंग्लंडला जाऊन ग्रंथालये पाहून येण्यास सांगण्यात आले. तिथे त्यांनी मजूर, गृहिणी, लहान मुले ग्रंथालयात स्वतः पुस्तक काढून घेताना पाहिली, आणि परत आल्यावर वर्गाचे नाव काढले नाही. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पुस्तके वापरण्यासाठी असतात, हा त्यांतला पहिला. "हे गृहस्थ १९५७ ते ५९ आपल्या उज्जैनला, विक्रम विद्यापीठात शिकवत होते," बाई सांगत, "आणि आपल्याकडे अजून कुलपं आहेत."

पण अशी श्रद्धा असूनही बाईंनी आल्या आल्या कपाटे उघडली नव्हती. नव्या उत्साहाचा माणूस पहिल्या आठवड्यात कुलपे काढतो, तिसऱ्या महिन्यात पुस्तके हरवतात, आणि मग पूर्वीपेक्षा मोठी कुलपे येतात. बाईंनी एक वर्ष नुसत्या नोंदी केल्या होत्या. मी आल्यावर त्यांनी प्राचार्यांना एक पानी टिपण दिले. सहावी ते आठवीच्या गोष्टींच्या पुस्तकांचे एकच कपाट उघडे ठेवावे. महागडी संदर्भपुस्तके कुलपातच राहावीत. मुदत तीन महिने. नंतर पडताळणी करून पुढचे ठरवावे. प्राचार्य सज्जन, पण निवृत्तीला दोन वर्षे उरलेली. टिपण वाचून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "जिम्मेदारी किसकी रहेगी?"

बाई म्हणाल्या, "मेरी. नीचे लिखा है."

खरोखरच लिहिले होते. शेवटच्या ओळीत, हरवलेल्या पुस्तकांचा जाब फक्त मी देईन, उमेदवाराला किंवा शिपायाला विचारू नये, असे स्पष्ट लिहून खाली सही. परत येताना जिन्यात मी त्यांना म्हटले, की हे शेवटचे वाक्य घातले नसते तरी चालले असते. त्यावर म्हणाल्या, "तू आणि शिपाई भीत राहिलात तर कपाट उघडं असून बंदच राहील न. मुलानं हात लावला की तुम्ही ओरडाल." हे वाक्य मी पुढे प्रत्येक नव्या पदावर बरोबर नेले. वरच्याने जबाबदारी आपल्या नावावर घेतली, तरच खालच्याचा हात मोकळा होतो.

तीन महिन्यांत त्या एका कपाटातून सातशेच्या वर पुस्तके घरी गेली आणि आली. पडताळणीत सहा कमी भरली. दोन नंतर एका क्वार्टरच्या दिवाळीच्या साफसफाईत गादीखाली सापडली. चार गेली ती गेलीच. हेडक्लार्कने लगेच वसुलीचा कागद काढला. बाईंनी तो शांतपणे घेतला आणि मला म्हणाल्या, "आता बाकीची सतराही उघड. मोजायला."

भिंतीला लागून असलेल्या दोन कपाटांत खालचा खण उघडला तेव्हा मातीचा वास आला. वाळवी पाठीमागच्या फळीतून शिरली होती. वरून पुस्तके शाबूत, हातात घेतली की भुसा. तेवीस पुस्तके मोजली. एकाच्याही तारखेच्या चिठ्ठीवर शिक्का नव्हता. बाईंनी दोन याद्या शेजारीशेजारी लिहिल्या: उघड्या कपाटातून गेलेली चार, वाचली गेली सातशे वेळा, कुलपातून गेलेली तेवीस, वाचली गेली एकदाही नाही. खाली लिहिले, की वसुली करायचीच असेल तर चार पुस्तकांची माझ्याकडून करावी, आणि तेवीस पुस्तकांची कोणाकडून करायची तेही ठरवावे. प्राचार्यांनी कागद दोनदा वाचला आणि सत्तावीसही पुस्तके निर्लेखित करण्याचा शेरा मारला. जानेवारीपासून आणखी सहा कपाटे उघडी झाली.

निर्णय न घेण्याचाही तोटा असतो, पण त्याची नोंदवही कोणी ठेवत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. आज याला सरकारी आधारही आहे. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत, २००५ च्या आणि नंतर २०१७ च्याही, दर हजार पुस्तकांच्या देवघेवीमागे वर्षाला पाच पुस्तके हरवणे रास्त मानले आहे. मात्र अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा, आणि हजार रुपयांहून महाग वा दुर्मिळ पुस्तकाची चौकशी झालीच पाहिजे. पण सीमेवरच्या दोन्ही बाजूंच्या किती शाळांत हा नियम कोणाच्या कानावर गेला आहे? तोवर कुलपे आहेतच.

दुसरा प्रसंग माझ्या जास्त जिव्हाळ्याचा. शाळेत संगणक येणार होते आणि त्यासाठी ग्रंथालयाचा एक कोपरा हवा होता. दोन कपाटे हलवायची. त्यांतले एक मराठीचे निघाले. एकशे ऐंशीच्या जवळपास पुस्तके, सुरुवातीच्या वर्षांत कोणीतरी हौसेने घेतलेली. शेवटचा शिक्का सात वर्षांपूर्वीचा. 'कोणी वाचत नाही, रद्दीत काढा' असा तोंडी निरोप आला.

माझा जीव कळवळला. हे कपाट वाचवायचेच, असे मी मनाशी ठरवून टाकले आणि बाईही मराठी असल्यामुळे काम सोपे आहे असे धरून चाललो. बाईंनी मात्र माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. "प्रत्येक पुस्तकाचं तू ठरव. ठेवायचं की काढायचं, आणि का. सही माझी. पण आपलं आहे म्हणून, असं कारण लिहू नको. आपलं आहे म्हणून ठेवलं तर उद्या दुसऱ्याचं आहे म्हणून काढतील. कारण असं लिही की स्टाफरूममधल्या बंगाली सरांनाही पटलं पाहिजे."

आठ दिवस मी ते कपाट पुस्तकागणिक उपसले. रविवारी सायकल काढून पिपलानी आणि बरखेड्यातली ओळखीची मराठी घरे फिरलो. एक गोष्ट ध्यानात आली. मुलांना मराठी वाचता येत नव्हते, असे नव्हते. शाळेत हिंदी शिकलेल्याला देवनागरी येतच होती, आणि घरात भाषा कानावर होती. पण मराठीचे कपाट वेगळे, कोपऱ्यात, कुलपात. आणि आतली मांडणी दाखल क्रमांकाने, म्हणजे शिकारकथेशेजारी ज्ञानेश्वरीवरचे विवेचन. मुलगा तिथे जाणार कसा?

ड्यूई यांची दशांश पद्धती १८७६ ची, अमेरिकेतली. तिच्यात साहित्याला आठशेचे घर आहे. अमेरिकन, इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, लॅटिन, ग्रीक यांना त्यात दहा-दहा आकड्यांचे ऐसपैस दालन, आणि उरलेल्या साऱ्या जगाला शेवटचे ८९०. त्या दाटीवाटीत आपली मंडळी कशी बसली आहेत पाहा: हिंदी ८९१.४३, बंगाली ८९१.४४, मराठी ८९१.४६, गुजराती ८९१.४७. क्वार्टरांची ओळच जणू! अमेरिकेत बसून कोणीतरी केलेल्या त्या मांडणीतही हिंदी आणि मराठी एका फळीवर येत होत्या. आम्हीच त्यांच्यामध्ये भिंत घातली होती.

मी यादी केली. फाटलेली, पाने गळालेली चाळीस काढून टाकायची. मुलांच्या कामाची, म्हणजे गोष्टी, चरित्रे, विज्ञान, प्रवास, अशी साठ उघड्या कपाटांत त्या त्या विषयाच्या हिंदी पुस्तकांशेजारी ठेवायची. उरलेल्या प्रौढांच्या कादंबऱ्या आणि संतसाहित्य शाळेत कोणी वाचण्याची शक्यता नाही, म्हणून समितीच्या मान्यतेने वसाहतीतल्या मराठी वाचकांच्या एका कपाटाला द्यायचे. प्रत्येकापुढे एका ओळीचे कारण. बाईंनी सगळी यादी वाचली, सात ठिकाणी 'का?' असे लिहून परत दिली, आणि माझी नवी उत्तरे पाहून सही केली. एकही निर्णय त्यांनी स्वतः बदलला नाही.

सगळे खूश झाले असे मात्र नाही. वसाहतीतले एक वयस्कर गृहस्थ तावातावाने आले. मराठी बाईनेच मराठीचे कपाट मोडले, असा त्यांचा आरोप. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले, यादी दाखवली. त्यांचे समाधान झाले नाही. शेवटपर्यंत झाले नाही. ते गेल्यावर मी विचारले, आता काय करायचे? बाई म्हणाल्या, "काही नाही. त्यांना राग यायचा अधिकार आहे. कारण वाचायला मिळालं, एवढं आपण देणं लागत होतो." मार्चमध्ये माझी उमेदवारी संपली तेव्हा त्या साठांपैकी निम्म्याहून अधिक पुस्तकांवर शिक्के पडले होते. त्यांतले काही, नावावरून सांगतो, मराठी नसलेल्या मुलांचे होते.

बाईंच्या या पद्धतीमागे आपल्याच लोकांची एक मोठी परंपरा आहे, हे मला पुढे वाचनात आले. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून आपल्या संस्थानात गावोगाव ग्रंथालये उभारण्याचे काम सोपवले. जिथे ग्रंथालय नव्हते तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरत. मराठी राजा, गुजराती प्रजा. पण त्यांनी प्रजेच्या भाषेला कोपऱ्यातले कपाट दिले नाही. द्विभाषिक मुलखात अधिकारावर बसलेल्याने कसे वागावे, याचा याहून चांगला धडा मला ठाऊक नाही.

पुढे मी बी.एड. केले, शिक्षक झालो, आणि गेली काही वर्षे बैतूल जिल्ह्यात, मुलताईच्या बाजूला, एका हायस्कूलचा मुख्याध्यापक आहे. माझ्या टेबलावर रोज कागद येतात. कोणता वर्ग कोणाला द्यायचा, कोणत्या खोलीचे छप्पर आधी दुरुस्त करायचे, कोणत्या मुलाला परीक्षेला बसू द्यायचे. प्रत्येक वेळी मनात तोच क्रम चालतो. घरात काय आहे? न करण्याचा तोटा किती? परत फिरवता येईल का? ज्याला माझ्याविषयी काही प्रेम नाही, त्याला कारण पटेल का?

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा या क्रमाची खरी परीक्षा होती. मोबाईलवर वर्ग सुरू झाले, पण आमच्या कितीतरी मुलांच्या घरी तसा मोबाईल नव्हता. काही महिन्यांनी मी ग्रंथालयातली पुस्तके गावोगाव घरी द्यायचे ठरवले. शिक्षकांना दोन भीती होत्या, रोगाची आणि वसुलीची. रोगासाठी, परत आलेले पुस्तक तीन दिवस बाजूला ठेवून मगच पुढे द्यायचे ठरले. वसुलीसाठी मी एक आदेश काढला आणि त्याची शेवटची ओळ जशीच्या तशी पिपलानीतून आणली: जाब फक्त मी देईन. सतरा पुस्तके परत आली नाहीत. त्यांचा कागद माझ्या सहीने फायलीत आहे. एका घरी आजी नातवाला आमच्या शाळेचे मराठी पुस्तक वाचून दाखवत होती आणि नातू तेच हिंदीत आईला सांगत होता, असे तिथे गेलेल्या शिक्षिकेने सांगितले. ते मात्र फायलीत नाही.

आज आमच्या शाळेत पूर्णवेळ ग्रंथपाल नाही. एका शिक्षकाकडे जादा काम म्हणून ते खाते आहे, आणि प्रत्यक्ष कारभार नववी-दहावीच्या पाच मुली पाहतात. गेल्या पावसाळ्यात त्यांतली एक यादी घेऊन आली. नव्या खरेदीसाठी पैसे थोडे, मागण्या फार. तिने स्पर्धा परीक्षांची चार मार्गदर्शके वगळून त्या पैशांत गोष्टींची अकरा पुस्तके घातली होती, सहा हिंदी, पाच मराठी. मार्गदर्शकांसाठी वरच्या वर्गाची मुले भांडतील, हे तिला ठाऊक होते आणि मलाही. मी यादी परत दिली आणि म्हटले, कारण लिही.

दुसऱ्या दिवशी तिने लिहून आणले. मार्गदर्शकांच्या जुन्या प्रती सहा आहेत, त्यांतल्या दोनच बाहेर आहेत. गोष्टींच्या पुस्तकांसाठी सहावीची चौदा मुले रांगेत आहेत.

मी खाली सही केली.